लेकराच्या मापाचा वाढदिवस

मागच्या अंकात मुलांच्या वाढदिवसांवर जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देतेय. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न: ताई, आम्ही वाकडला मोठ्या सोसायटीत राहतो, मुलगा पुढच्या महिन्यात ४ वर्षांचा होतोय. पहिला वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता, १४० माणसं, जंगलची थीम, स्टेज, अँकर, सगळं. तो पूर्ण वेळ रडत होता आणि केक कापायच्या आधीच माझ्या खांद्यावर झोपला, शेवटी आम्ही दोघांनीच त्याचा हात धरून सुरी फिरवली, फोटोत त्याचे डोळे मिटलेले आहेत. तेव्हाच ठरवलं होतं की परत असं करायचं नाही. पण इथे दर शनिवारी कोणाचा ना कोणाचा वाढदिवस क्लबहाऊसमध्ये असतो, फुग्यांची कमान, टॅटूवाला, पॉपकॉर्नचं मशीन, जादूगार आणि जाताना दोन-तीनशेचं रिटर्न गिफ्ट. आम्ही सगळीकडे जाऊन आलोय, आता आपण नाही केलं तर बरं दिसेल का असं मिस्टर म्हणतात. सासूबाई म्हणतात निदान जवळचे नातेवाईक तरी बोलवा. वर्गात २८ मुलं आहेत, पालकांचा ग्रुप आहे, त्यातल्या कोणाला बोलवू आणि कोणाला नको? मला खरंच साधं करायचंय, पण लोक कंजूष म्हणतील याची भीती वाटते आणि मुलाला कमी पडल्यासारखं वाटेल याची त्याहून जास्त.

उत्तर: अगं, तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो नवऱ्याला एकदा परत दाखव, भांडायला म्हणून नाही, दोघांनी शेजारी बसून बघा. तुझं निम्मं उत्तर त्यातच आहे. १४० माणसं त्याच्यासाठी आली होती आणि त्याला झोप आली होती.

मी १९ वर्षं बालवाडीत शिकवलं. सोमवारी सकाळी गोल करून बसलो की मुलं शनिवार-रविवारच्या गमती सांगायची आणि त्यात कोणाचा तरी वाढदिवस हमखास असायचा. काय सांगायची माहितीये? त्यांच्या जिन्यात मांजर होतं. आम्ही पलंगाखाली लपलो होतो. मला निळा ग्लास मिळाला. त्याच्या आजीने मला परत शिरा दिला. थीम कुठली होती हे एकाही मुलाने आपणहून सांगितल्याचं मला आठवत नाही. जादूगाराबद्दल सांगायची, पण बरेचदा 'मला भीती वाटली' एवढंच. या वयात लक्षात राहतं ते स्वतःच्या हाताने केलेलं, नाहीतर कोणीतरी एका माणसाने आपल्याकडे बघून, आपल्यासाठी म्हणून केलेलं. कमान, स्टेज, अँकर हे मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं गं, चार वर्षांचं पोर त्याच्या खालून फिरत असतं.

अशा वेळी मला बोरन्हाण आठवतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही, संध्याकाळी, आसपासची आठ-दहा पोरं जमवायची, मधे पाटावर काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ, औक्षण झालं की डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या हळूहळू ओतायच्या आणि पोरांनी ते वेचायचं. सगळं मिळून पाऊण तास. ज्याने जे वेचलं ते त्याचं, म्हणजे तेच रिटर्न गिफ्ट. सगळी मुलं एकाच वेळी एकच गोष्ट करतायत, कोणी हरत नाही, लाजरं मूल असलं तरी एखादी मावशी मुद्दाम त्याच्या बाजूला चार बोरं टाकते, आणि दिवेलागणीला सगळे आपापल्या घरी. आपल्या आज्या-पणज्यांनी लहान मुलाच्या मापाची पार्टी कधीच बेतून ठेवलीय. हल्ली चॉकलेटं भरलेला मोठा फुगा वर बांधून फोडतात तो दिसायला तसाच वाटतो, पण त्यात सगळं एका क्षणात एकाच जागी पडतं, मोठी मुलं झडप घालतात, लहान खाली सापडतात आणि कोणीतरी रिकाम्या हाताने रडत उभं राहतं. ओतण्यात आणि फोडण्यात एवढा फरक आहे. तुझ्या मुलाच्या वाढदिवसाला बोरं नसू देत, पण पाऊण तासाचं, वेचण्यासारखं, कोणी हरणार नाही असं काहीतरी एकच कर. अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत खडूने रंगवलेले वीस-तीस खडे लपवून ठेव आणि प्रत्येकाला एक-एक कागदी पिशवी दे, बघ किती वेळ जातो.

आता वेळ. संध्याकाळी साडेचार ते सहा ठेव, दुपारची झोप होऊन दूध पिऊन झाल्यावरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये ३-४ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी असं दिलंय, आणि आपल्या पार्ट्या सुरूच होतात साडेसातला, केक नऊला, जेवण साडेनऊला, मग मूल किरकिर करायला लागलं की आपण म्हणतो आज याला काय झालंय. त्याला काही झालेलं नसतं, त्याची झोपायची वेळ टळून गेलेली असते. आणि संपायची वेळ आमंत्रणात लिहिच, हे आपल्याकडे लिहायची पद्धत नाही म्हणून मुद्दाम सांगते. साडेचार ते सहा म्हटलं की रात्रीचं जेवण आपोआप वजा होतं आणि निम्मा खर्च तिथेच कमी होतो.

किती मुलं बोलवायची याचा एक साधा हिशोब बरेच जण सांगतात, मुलाचं वय अधिक एक. म्हणजे पाच मुलं. तू आठ कर, सोसायटीत दोन-तीन भावंडं सोबत येतातच. वर्गातल्या २८ जणांना बोलवायचं नाही हे ठरलं की पालकांच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नकोस, ज्या दोघांशी तो खरंच रोज खेळतो त्यांच्या आयांना वेगळा फोन कर. वर्गासाठी काही करावंसं वाटत असेल तर शिक्षिकेला विचारून वर्गाला एक चित्रांचं पुस्तक दे, आत पहिल्या पानावर त्याच्या हाताचा रंगाचा ठसा. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांची लहान मुलांसाठीची मराठी पुस्तकं खिशाला परवडणारी आहेत. २८ मुलांना अडीचशेचं गिफ्ट द्यायचं म्हटलं तर ७००० रुपये होतात, आणि त्यातली बरीचशी खेळणी आठवड्यात मोडून पलंगाखाली जातात.

आमंत्रण असं काहीतरी लिही, 'रविवारी आमचा पिल्लू ४ वर्षांचा होतोय. साडेचार ते सहा खालच्या बागेत खेळायला या, खायला घरचंच आहे. गिफ्ट नको, घरातलं वाचून झालेलं गोष्टीचं एक पुस्तक आणा, जाताना दुसरं घेऊन जा.' झालं. याच्या पुढे 'सॉरी हं, या वेळी छोटंसंच करतोय' असलं काही जोडायचं नाही. मी बघितलंय, साधा वाढदिवस कोणाला खटकत नाही, माफी मागत केलेला खटकतो, कारण मग समोरच्याला वाटतं काहीतरी कमी आहे वाटतं. आणि पुस्तकांच्या अदलाबदलीत गिफ्ट आणि रिटर्न गिफ्ट दोन्ही उरकतात. पाच-सहा पुस्तकं तू आधीच चादरीवर मांडून ठेव, एखादं मूल रिकाम्या हाताने आलं तर त्याच्यासाठी.

खेळांबद्दल एक कळकळीने सांगते, संगीत खुर्ची नको. चार वर्षांच्या मुलाला 'तू आउट' म्हणजे 'तू इथून जा' असंच ऐकू येतं आणि पहिल्या तीन मिनिटांत तीन मुलं रडायला लागतात. चिमणी उडाली भुर्र, आपडी थापडी, मामाचं पत्र हरवलं, शिवाजी म्हणतो, यातलं काहीही घ्या पण कोणाला बाहेर काढू नका, चुकलं की हसायचं आणि पुढे चालू. खेळ घ्यायला भाड्याचा माणूस कशाला, मिस्टरांनाच पुढे कर. बाबा जमिनीवर बसून चिमणी उडवतोय हे त्या आठही मुलांना सोमवारी सांगावंसं वाटेल.

खायला लहानांना छोट्या इडल्या, काकडीचे काप, लोण्याचं सँडविच, गोड शिरा. मोठ्यांना भेळ आणि चहा. एवढ्या लहान मुलांना आया सोडून जात नाहीत, त्यामुळे त्यांना बसायला जागा आणि गरम चहा मिळाला की त्या खूश असतात. केक अर्धा किलो पुरतो, मुलं क्रीम चाटतात आणि पळतात. पॉपकॉर्न, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, गोल कडक गोळ्या चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकू शकतात, आणि पाहुण्यांत एखादं दीड-दोन वर्षांचं भावंड असतंच, म्हणून ते ठेवूच नको.

फुगे लावायचे असतील तर थोडे लाव आणि फुटलेले तुकडे लगेच उचल. अमेरिकेत तर १९९४ च्या कायद्याने फुग्यांच्या पाकिटावर इशारा छापावा लागतो की ८ वर्षांखालच्या मुलांचा न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्याने श्वास कोंडू शकतो. गॅसचे फुगे मेणबत्तीजवळ अजिबात नकोत, आपल्याकडे त्यात हायड्रोजन भरलेला असू शकतो आणि तो पेट घेतो. तो बर्फासारखा फेस उडवायचा स्प्रेसुद्धा ज्योतीजवळ पेटतो. थर्मोकोलची सजावट, प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांवर तशीही १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात तर प्लॅस्टिकबंदी २०१८ पासूनच आली. घरातल्या स्टीलच्या ताटल्या काढ, आठ मुलांना लागतात किती.

सासूबाईंचं म्हणणं मला रास्त वाटतं, फक्त ते त्याच पार्टीत कोंबू नका. सकाळी घरात पाट-रांगोळी, आजीने औक्षण करायचं, दुपारी जवळची माणसं वरण-भात-पुरी-श्रीखंडाला. त्याला आजी हवीय आणि त्याला मित्र हवेत, पण दोन्ही एकाच वेळी एकाच खोलीत नकोत. सकाळचा कार्यक्रम पूर्ण सासूबाईंच्या हातात दे, मेनूसकट. त्यांना नुसती गर्दी नकोय, त्यांना नातवाच्या दिवसात स्वतःचा वाटा हवाय.

मिस्टरांच्या मनात जे आहे ना, ते निव्वळ दिखाव्याचं नाही असं मला वाटतं. आपण दहा ठिकाणी खाऊन आलोय तर परत करायला हवं, ही चांगल्या माणसाचीच टोचणी आहे. फक्त परतफेड एकाच संध्याकाळी, त्याच मापाने करायची असं कुठे ठरलंय? दिवाळीच्या सुट्टीत चार मुलांना घेऊन पुण्यातल्या पेशवे पार्कात फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसवून आणा, पावसाळ्यात एखाद्या शनिवारी खालच्या दोन मुलांना भजी खायला वर बोलवा, कोणाची आई आजारी असली तर तिच्या मुलीला दोन तास सांभाळा. शेजारच्या आयांना हे कायम लक्षात राहतं. आणि माझा अनुभव असा की सोसायटीत एकीने साधं केलं की पुढच्या सहा महिन्यांत दोघी-तिघी हळूच येऊन विचारतात की तुम्ही कसं केलंत, कारण त्यांनाही ते ओझं झालेलं असतं, फक्त पहिलं कोणी थांबायचं हे कळत नसतं.

आणि त्याला कमी पडेल का? त्याला 'तुला काय काय हवंय' असं मोकळं विचारू नकोस, तो डायनासोर म्हणेल, हेलिकॉप्टर म्हणेल, मग आपल्याला नाही म्हणावं लागतं. 'शिरा की जिलबी?' आणि 'लपलेले खडे शोधायचे की मातीचे प्राणी करायचे?' एवढे दोन प्रश्न विचार आणि तो म्हणेल तसंच कर. आदल्या दिवशी खडे त्यालाच रंगवू दे. मग तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत फिरेल की हे मी केलंय.

प्रश्न: मी सांगलीचा, वय ७१. नात पुढच्या महिन्यात २ वर्षांची होईल. आमच्या घरी वाढदिवस तिथीने होत आला, औक्षण, तीळ-गूळ घातलेलं दूध, देवाला नमस्कार. मुलगा आणि सून पुण्यात आहेत, ते तारखेला हॉटेलात रात्री केक कापणार म्हणतात. मेणबत्त्या फुंकून विझवणं मला मनापासून पटत नाही. बोललो तर सुनेला वाईट वाटेल, नाही बोललो तर मला चैन पडणार नाही. काय करू?

उत्तर: काका, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, सुनेला वाईट वाटेल याचा विचार तुम्ही आधी केलात.

यात भांडण होण्यासारखं खरं तर काही नाही, कारण दिवसच दोन आहेत. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दरवर्षी तारखेच्या दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, अधिक महिना आला की पुढे जाते, आणि १९ वर्षांनी दोन्ही परत जवळजवळ एकत्र येतात. तिथीचा दिवस तुम्ही आजी-आजोबांनी मागून घ्या, 'तिथीला आम्ही सकाळी येतो, औक्षण आम्ही करू, संध्याकाळी परत निघू' असं सांगा. दूध, तीळ, गूळ, निरांजन सगळं तुम्ही घेऊन जा, सुनेला त्या दिवशी काही करायला लावू नका. दोन वर्षांच्या मुलीला तीळ मात्र बारीक कुटून घाला.

तारखेचा दिवस त्यांचा. तिथे एकच विनंती करा, आणि ती तक्रारीसारखी नको, 'केकच्या शेजारी मी एक निरांजन लावलं तर चालेल का, ते विझवायचं नाही, तिला त्याने ओवाळू' अशी. मला वाटत नाही कोणी नाही म्हणेल. मेणबत्ती लावायची की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. दोन वर्षांच्या मुलीला तशीही फुंकर नीट जमत नाही.

हॉटेल आणि रात्र याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, पण ते परंपरेचं कारण देऊन सांगू नका, झोपेचं द्या. 'ती साडेआठला झोपते ना, मग सहा वाजता करूया का' हे सुनेलाही पटेल, कारण रात्री अकराला रडणाऱ्या मुलीला गाडीतून घरी तिलाच आणायचंय.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. जूनमध्ये मुलगी ५ वर्षांची होतेय. इथे सगळे उड्या मारायच्या इनडोअर जागेत पार्टी करतात, सगळा वर्ग बोलवतात, पिझ्झा, गुडी बॅग. गेल्या वर्षी आम्ही 'गिफ्ट नको' असं स्पष्ट लिहिलं तरी २० गिफ्टं आली आणि ज्यांनी आणलं नाही ते आमच्यासमोर ओशाळले. या वेळी आम्हाला घरगुती करायचंय, आई भारतातून आलेली असेल, तिला लाडू-चिवडा करायची हौस आहे. कसं बसवायचं?

उत्तर: जून म्हणजे तुम्हाला आकाशच मोकळं आहे. एडिसनचं रूझवेल्ट पार्क तुम्हाला माहीत असेलच, काउंटीच्या पार्कांत पिकनिकची जागा परमिट काढून मिळते, ते मात्र आधीपासून बघा, उन्हाळ्यात शनिवार-रविवार लवकर भरतात. सकाळी दहा ते साडेअकरा ठेवा, ऊन तापायच्या आत, आणि जेवायच्या आत संपतं. झाडाखाली चटया, साबणाचे फुगे, लंगडी, रुमाल पाणी. रुमाल पाणी तिथल्या मुलांना पाच मिनिटांत जमतं, मी एका भाचीच्या घरी बघितलंय.

वर्गाचं म्हणाल तर शाळेत आमंत्रणं वाटायची असतील तर सगळ्यांना वाटा असा नियम बऱ्याच शाळांत असतो आणि तो चांगला नियम आहे. म्हणून शाळेत वाटूच नका, तिच्या पाच-सहा मैत्रिणींच्या पालकांना थेट मेसेज करा.

'गिफ्ट नको' हे चालत नाही कारण माणसाला रिकाम्या हाताने जायला संकोच वाटतो, आपल्यालाही वाटतो की. हाताला काहीतरी काम द्या. 'तुमच्या मुलीने काढलेलं एक चित्र आणा, आम्ही सगळ्यांची मिळून एक वही करणार आहोत' असं लिहा. मग कोणी ओशाळत नाही आणि ती वही तुमच्याकडे राहते.

आईच्या लाडवांबद्दल एक महत्त्वाचं. तिथे मुलांच्या अॅलर्जी लोक फार गांभीर्याने घेतात आणि घ्यायलाच हव्यात. शेंगदाणा, काजू, बदाम तर आहेतच, पण तीळसुद्धा अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून मुख्य अॅलर्जी करणाऱ्या पदार्थांच्या यादीत नवव्या क्रमांकाने आलाय. दूध आणि गहू पण त्यात आहेत, म्हणजे आपले बहुतेक लाडू कुठे ना कुठे अडकतात. तर आमंत्रणाच्या वेळीच प्रत्येकाला विचारून घ्या आणि डब्यावर काय काय घातलंय ते इंग्रजीत लिहून चिकटवा. चिवड्यातले दाणे आईंना वगळायला सांगा, पोह्यांचा चिवडा दाण्यांशिवायही छान होतो, खोबऱ्याचे काप मोठ्यांच्या वाटणीत घाला. आणि आईंना नुसतं स्वयंपाकघरात ठेवू नका, आपडी थापडी त्यांनाच घेऊ द्या. भाषा येत नसली तरी हात सगळ्यांना कळतात.

प्रश्न: ताई, सगळे साधं करायचं म्हणतात ते हौसेने. आमच्याकडे दुसरं करताच येत नाही. मी जळगावला घरी शिवणकाम करते, मिस्टरांचं काम तीन महिने बंद आहे. मुलगी ७ वर्षांची होईल. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस हॉलमध्ये झाला, बाहुलीचा केक होता, तेव्हापासून तिला तसाच केक हवाय. रात्री विचारते, आई माझा पण करायचा ना गं. मला काय बोलावं कळत नाही.

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, ठरवून साधं करणं आणि नाइलाजाने साधं करणं यात फरक आहे आणि तो फरक नाही असं मी म्हणणार नाही.

सात वर्षांची मुलगी चार वर्षांच्या मुलासारखी नसते, तिला कोणाचं मोठं आणि आपलं लहान हे दिसायला लागलेलं असतं. म्हणून तिला फसवू नका आणि 'बघू' असंही म्हणू नका. 'बघू'वर मूल महिनाभर आशा धरून बसतं. जवळ घेऊन सरळ सांगा, बाबांचं काम सध्या बंद आहे, म्हणून हॉल आणि तो केक या वर्षी नाही, पण वाढदिवस आहे, नक्की आहे, आणि तो कसा करायचा ते आपण दोघी ठरवायचं. थोडी रडेल. रडू द्या, लगेच समजूत घालायची घाई करू नका. मग तिला पैशांचा आकडा सांगा, शंभर असेल तर शंभर, दोनशे असेल तर दोनशे, आणि तो तिच्या हातात द्या. सात वर्षांची मुलं हिशोबात फार मन लावतात. दोन मैत्रिणी बोलवायच्या की चार, वेफर्स आणायचे की पोहे करायचे, हे ती बसून ठरवेल.

केक घरी होतो, ओव्हन लागत नाही. एक वाटी रवा, एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, पाव वाटी तेल, सगळं कालवून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा. घट्ट झालं तर थोडं दूध. कुकरमध्ये तळाला मीठ पसरून, पाणी न घालता, रिंग आणि शिट्टी काढून दहा मिनिटं तापवून घ्या. मिश्रणात शेवटी लहान चमचाभर इनो घालून लगेच तूप लावलेल्या डब्यात ओता आणि बारीक आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं, सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. एकदा आधी करून बघा म्हणजे त्या दिवशी धाकधूक नको.

आणि बाहुली. तुम्ही शिवणकाम करता ना? तो केक बाहुलीचा कशाने होतो, तर घेरदार झग्याने. तिची घरातली जुनी बाहुली धुऊन घ्या, कंबरेपासून खाली स्वच्छ कागद गुंडाळा, गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजपीसचे काठ, जरीचे तुकडे पेटीत पडलेले असतीलच, त्यांचा घेर शिवा आणि बाहुली केकच्या शेजारी उभी करा. केक खाऊन संपतो, ही झग्यासकट राहते. झग्याचा रंग तिला निवडू द्या, शेवटची गाठ तिला मारू द्या, पण आदल्या रात्री ती झोपल्यावर जरीची किनार तुम्ही गुपचूप लावा. सकाळी बघायला काहीतरी नवीन हवंच.

उरलेल्या चिंध्यांच्या पताका करा. त्रिकोणी सात तुकडे, प्रत्येक वर्षाचा एक, तिच्या लहानपणीच्या झबल्याचा, दुपट्याचा, पहिल्या फ्रॉकचा तुकडा कुठे जपून ठेवला असेल तर तोही घ्या. एका लांब नाडीला शिवा आणि दारावर बांधा. नाडी मुद्दाम लांब ठेवा, पुढच्या वर्षी आठवा तुकडा या वर्षीच्या फ्रॉकचा.